निळ्या डोंगराचं देवक

देवळाली कॅम्प,
१४ नोव्हेंबर १९९६

ती. आत्याआजीस,

शुभांगीचा नमस्कार. 'सा. न. वि. वि.' मुद्दाम लिहिलं नाही. मागच्या वेळी तू त्याच्याखाली लाल रेघ मारून 'अर्थ सांग' असं लिहून माझंच पत्र मला परत पाठवलं होतंस.

पत्र घाईचं आहे. फोन केला असता, पण तुमच्या शेजारच्या दुकानातल्या फोनवर बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या कळवणला कळतं, असं तूच म्हणतेस. म्हणून हे.

माझं लग्न ठरता ठरता अडकलंय. मुलगा मखमलाबादचा. शेखर. घरची भाजीपाल्याची शेती, स्वतः सातपूरला कंपनीत. पहिल्यांदा बघायला आला तेव्हा त्याने मला विचारलं, शेवंती किती दिवस टिकते? मी म्हटलं, तोडली नाही तर बरेच दिवस. बाकीचे चहाकडे बघायला लागले, तो मात्र हसला. आत्याआजी, मला तो आवडलाय. हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

रविवारी त्यांच्याकडची सगळी मंडळी आली. त्याच्या आजी कुसाबाई पण होत्या. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. पोहे झाले, चहा आला, आणि त्यांनी बाबांना विचारलं, "नाथाभाऊ, तुमचं देवक काय?" नेमका तेव्हाच तोफांचा सराव सुरू झाला. तुला माहीत आहे ना, आपल्याकडे तोफा वाजल्या की कप बशीत नाचतात. आम्हाला काही वाटत नाही, पण कुसाबाईंनी घाबरून पदर तोंडाला लावला. बाबा ओरडून म्हणाले, "निलगिरी!"

"काय?"

"निलगिरी! सर्दीला लावतात ते!"

मला हसू फुटलं. मग शेखरलाही. कुसाबाई बशी खाली ठेवून उठल्याच. "देवक इचारलं तं औषध सांगतात," म्हणाल्या. जाताना दारात बजावून गेल्या की खरं देवक कळल्याशिवाय पुढचं काही बोलायचं नाही. एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही, एवढं मलाही माहीत आहे. पण बाबा खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लग्नात मांडवाच्या मुहूर्तमेढीला निलगिरीचीच फांदी बांधली होती, आणि सहादू आजोबांच्या लग्नातही. त्यापलीकडे त्यांना काही माहीत नाही. आमच्या गल्लीत हे कोणी विचारतही नाही. एका बाजूला सिंधी बेकरी, दुसऱ्या बाजूला थापा हवालदार, समोर पारशी मावशी. सगळेच कुठून ना कुठून आलेले, कोण कोणाला विचारणार? बाबा रोपं मोजताना 'ओन्नू, रेंडू, मून्नू, नालू, अंजू' म्हणतात आणि मग एकदम 'सहा, सात'. लहानपणी मला वाटायचं, सगळे माळी असेच मोजतात.

आजोबांची बहीण तू एकटीच उरलीस. लवकर कळव. आपलं देवक काय?

तुझी,
शुभांगी

*

कळवण,
१९ नोव्हेंबर १९९६

चि. शुभांगीस अनेक आशीर्वाद.

'नीलगिरी' हा शब्द दीर्घ 'नी'ने लिहितात. नील म्हणजे निळा, गिरी म्हणजे डोंगर. तू तिन्ही वेळा ऱ्हस्व लिहिलास. नोकरी संपून सोळा वर्षं झाली, पण चूक दिसली की माझा हात लाल शाईच्या पेनाकडे जातो, त्याला मी काय करू?

मुलाची निवड बरी वाटते. हसणारा आहे म्हणजे निम्मं काम झालं. तुझे आजोबा आणि मी एका ताटात जेवायचो, तेव्हा तो पहिला हसायचा आणि मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. त्याची आठवण आली.

देवकाचं म्हणशील, तर माझ्या काही नक्की लक्षात नाही. वय झालं. नाथाच्या लग्नात घाईगडबडीत जी फांदी हाताशी आली ती बांधली असेल. त्यात एवढं काय? कुसाबाईंना सांगा की आमचं देवक कळंबाचं झाड. माझ्या सासरचं आहे, चांगलं जुनं आहे, कोणी नाक मुरडणार नाही. मी आठवून सांगितलं म्हणावं. नाथाला बजाव, या वेळी ओरडू नको. शक्यतो तोफा नसतील तो दिवस बघा.

इकडे कांद्याची रोपं टाकणं चालू आहे. कुंदन दिवसभर शेतात असतो आणि सूनबाई वत्सला मला गुळाचा चहा देत नाही, डॉक्टरने तिला फितवलंय.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझी,
आत्याआजी

*

देवळाली कॅम्प,
२ डिसेंबर १९९६

ती. आत्याआजीस नमस्कार.

पत्र फाडलं नाही. पुरावा म्हणून ठेवलंय.

तू सांगितलंस तसंच केलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून मखमलाबादला गेले, मी आणि आई बरोबर. बाबा अगदी हळू, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं म्हणाले, "आमच्या आत्याला विचारलं. देवक कळंब आहे." कुसाबाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, जमलं!

"अवो, कळंब?" त्या म्हणाल्या. "आमचंबी कळंबच! म्हंजी तुम्ही आमचं भाऊबंद निघालं की!"

बाबांना पाटावर बसवलं, त्यांच्या हातात पेढा दिला, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि दुसऱ्या वाक्याला सोयरीक मोडली. अगदी प्रेमाने. भाऊबंदात लग्न कसं करणार? निघताना मला खण आणि नारळ दिला, माहेरवाशिणीला देतात तसा. वर शेखरला म्हणाल्या, "भैनीला ष्ट्यांडपोतर सोड." तो मला स्कूटरवरून सीबीएसपर्यंत सोडायला आला. वाटेत एका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "शुभांगी, मला बहीण नको होती." मी तोंड फिरवलं, कारण रडायला येत होतं आणि शेजारी टेम्पोवाला बघत होता.

घरी आल्यावर थापाकाकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नीलगिरीची झाडं गोऱ्या पलटणीने लावली, बराकींच्या कडेला, आणि मुळात ती ऑस्ट्रेलियातून आलेली. म्हणजे आमचं देवक ऑस्ट्रेलियातून आलं का? पिढ्यान्‌पिढ्यांचं देवक आणि झाड कालपरवाचं, हे कसं? बाबांना विचारलं, तर ते गुलाबाचे काटे काढत राहिले.

आणि आत्याआजी, तुला १९५८ सालच्या चौथीतल्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने पाठ आहेत. तू मला म्हणून दाखवली आहेस. तुला स्वतःच्या माहेरचं देवक आठवत नाही?

तू काहीतरी लपवतेस. मला राग आला आहे, पण त्याहून जास्त भीती वाटते. शेखरच्या घरचे दुसरी स्थळं बघायला लागलेत. जे असेल ते खरं सांग. वाईट असलं तरी.

शुभांगी

*

कळवण,
९ डिसेंबर १९९६

चि. शुभांगीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही. तेव्हाच समजले की आता मला सुटका नाही.

ऐक. माझे वडील, म्हणजे तुझ्या बाबांचे आजोबा, ज्यांना सगळे पुंजा माळी म्हणायचे, त्यांचं नाव पुंजा नव्हतं. पोन्नुसामी होतं. ते आपल्याकडचे नव्हतेच. खाली मद्रासकडच्या डोंगरातून, नीलगिरीतून, एका साहेबाच्या बागेचे माळी म्हणून पहिल्या महायुद्धाच्या वेळी देवळालीला आले. साहेब लढाईवर गेला तो परत आला नाही. वडील, आमचे अण्णा, इथेच राहिले. त्यांचं नाव कॅम्पातल्या कोणाच्या जिभेवर बसेना. पोन्नू, पुन्नू करता करता पुंजा झालं.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील भिका माळी, कॅम्पात भाजी घालायचे. अठरा सालची मानमोडीची, म्हणजे तापाची, साथ आली तेव्हा त्यांचे दोन मुलगे आठ दिवसांत गेले. उरलेले सगळे अंथरुणाला खिळले. शेजारचं कोणी उंबऱ्याशी येत नव्हतं. हा परका माणूस रोज यायचा, वाफ्यांना पाणी द्यायचा आणि दारात पाण्याचा हंडा ठेवून जायचा. माझी आई भागीबाई तेव्हा सतरा वर्षांची. ती सांगायची, "आधी कोबी जगला, मग आम्ही." पुढच्या वर्षी आजोबांनी अण्णांना घरजावई करून घेतलं. त्यांची जात आजोबांनी विचारली नाही. आईनेही विचारली नाही. अण्णांनी सांगितलीही नाही.

आता देवक. लग्नात जावयाचं देवक काय, असं म्हाताऱ्या मंडळींनी विचारलं. अण्णांना तेव्हा वीसपंचवीस मराठी शब्द येत होते, तेही पाणी, माती, खत आणि उद्या असे. देवक हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. पण इथे आल्यापासून प्रत्येक माणूस त्यांना पहिला प्रश्न एकच विचारायचा, तू कुठला? त्यांना वाटलं, हेही तेच विचारतायत. ते म्हणाले, "नीलगिरी." झालं! कोणीतरी धावत बराकीकडे गेलं, नीलगिरीची फांदी तोडून आणली आणि मुहूर्तमेढीला बांधली. अण्णा बघतच राहिले. मी गावाचं नाव सांगितलं तर हे झाड का बांधतात, हे त्यांना कळेना. पुढे मराठी आल्यावर आईला म्हणाले, "मला वाटलं, तुमच्याकडे जावयाच्या गावाचा असा मान ठेवतात."

असं आपलं देवक. तुझ्या आजोबांच्या आणि बाबांच्या मांडवात बांधलं गेलं ते एका माणसाच्या गावाचं नाव.

हे मला हसत सांगता आलं असतं. पण नाही सांगितलं, आणि का ते लिहायला हात जड होतो. अडतीस साली माझं लग्न या घरात ठरलं. अण्णा मराठी बोलायचे, पण तोंड उघडलं की परके आहेत हे लगेच कळायचं. सोयरीक मोडू नये म्हणून आम्ही ठरवलं, लग्नाच्या दिवशी त्यांनी बोलायचंच नाही. मौनव्रत आहे असं सांगायचं. ही युक्ती माझी. मी सोळा वर्षांची होते आणि मला फार हुशार वाटलं होतं. ते दिवसभर मांडवात गप्प बसले. मी निघाले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओठ हलले, पण बोलले नाहीत. कळवणच्या मंडळींनी केवढं कौतुक केलं, काय व्रत, काय निष्ठा! तीन वर्षांनी ते गेले. मी त्यांना माझ्याच लग्नात मुकं केलं, शुभांगी. अठ्ठावन्न वर्षं झाली, मला त्याची लाज वाटते.

आणि तुला 'कळंब सांग' लिहिताना मी पुन्हा तेच केलं.

नाथा रोपं मोजतो ना, ते अण्णांचंच. ते एका हातात पाच रोपं धरायचे, पाच लावून झाली की पुन्हा एकपासून. म्हणून आम्हा भावंडांना पाचापर्यंतच ऐकायला मिळालं. पुढचे अंक काय, हे मी मास्तरीण होऊनही कधी विचारलं नाही.

हे पत्र फाडू नको. मखमलाबादला ने आणि कुसाबाईंना जसंच्या तसं वाचून दाखव. लग्न मोडलं तर माझ्यामुळे मोडलं म्हण.

आत्याआजी

*

देवळाली कॅम्प,
१६ डिसेंबर १९९६

ती. आत्याआजीस,

काल तुझं पत्र मखमलाबादला नेलं. बाबा म्हणाले मी वाचतो, पण दुसऱ्या पानावर त्यांचा आवाज गेला, म्हणून मी वाचलं. सगळं. मौनव्रताचंसुद्धा.

वाचून संपलं. मग कुसाबाईंनी माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि गोठ्यात निघून गेल्या. शेखर म्हणतो, ती गोठ्यात गेली म्हणजे विचार करते. किती दिवस करते ते त्याला सांगता येईना.

बाबांचं मात्र काही खरं नाही. काल संध्याकाळी आमच्या रोपांच्या दुकानात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला धरून सांगत होते, "माझे आजोबा मद्रासचे!" समोरच्या पारशी मावशी म्हणाल्या, "तो सूं थयूं? मारा इराणना." म्हणजे, मग काय झालं, माझे इराणचे. बेकरीवाल्या काकांनी त्यांना इडली कुठे चांगली मिळते ते सांगितलं. एवढीच काय ती खळबळ! अठ्ठावन्न वर्षं तू जे पोटात ठेवलंस ते आमच्या गल्लीत दहा मिनिटांत जुनं झालं.

पण मखमलाबाद म्हणजे आमची गल्ली नाही, हे मला कळतं. मला झोप नाही.

तुझ्यावरचा राग गेला. पत्र वाचताना मधेच कुठेतरी गेला, नक्की कुठे ते सांगता येणार नाही.

तुझी,
शुभांगी

*

मखमलाबाद,
१२ जानेवारी १९९७

कळवणच्या गोजराबाई मास्तरणींना कुसाबाईचा रामराम.

मला लिव्हता येत नाय. शेखर लिव्हतोय. मी बोलंल तसंच लिव्ह म्हून दटावलंय. (तसंच लिहितोय. शेखर.)

तुमचं पत्र हाय माझ्याकडं. आधी माझं ऐका. नाथाभाऊंनी पहिल्या दिशी निलगिरी सांगितलं, आन ही पोरगी हसली, आन ह्यो मेलाबी हसला. (मी.) मला वाटलं, ही क्यांपातली शिकलेली मान्सं म्हातारीची टवाळी करत्यात. त्याचा राग आला. झाडाचा नाय. तवाच कोनी नीट सांगितलं असतं तं मी काय मारणार व्हते का? पर तुम्ही मास्तरीण असून खोटं सांगितलं. माझा नातू त्या पोरीला भैन म्हनता म्हनता वाळून चाललाय. (इतका नाही.)

दुसरं. पत्र ऐकलं आन आठ दिस जेवण गोड लागलं नाय. खोटं कशाला बोलू? कोन जातीचा, कोन गावचा, काय बी ठावं नाय, आन आपलं पोरगं त्या घरात द्यायचं. घरातले म्हनले, नगो. मीबी नगोच म्हनले व्हते.

मंग माझ्या आईचं ध्यान झालं. मानमोडीत ती तरणी व्हती. ती सांगायची, तहान लागून मान्सं मेली. ताप व्हता, पर पाणी द्यायाला कोनी नव्हतं. सख्खे भाऊ येत नव्हते. आन तुमच्या बापानं परक्याच्या दारात हंडा ठेवला. रोज. आता अशा मानसाची जात मी कशी इचारू? माझी आई वर बसून मला काय म्हनंल?

तवा माझा व्हकार हाय. (आजी रडतेय. हे लिहू नको म्हणाली.) देवक निलगिरीच बांधायचं. आमचं कळंब, तुमचं निलगिरी, आता काय आडत नाय.

पर एक दंड हाय. तुमाला. लग्नाला तुम्ही सवता यायचं, फांदी तुमच्या हातानं आनायची, आन मांडवात समद्यांच्या म्होरं माईकवर तुमच्या बापाचं खरं नाव घ्यायचं. कळवणची तुमची मान्सं घिऊन या. त्या दिशी तुमच्या बापाला बोलू दिलं नाय, आता त्येंच्या जागी तुम्ही बोला.

नाय आल्या तं लगीन व्हईल, पर मी तुमच्याशी बोलनार नाय.

कुसाबाई, निशाणी डावा अंगठा

(आत्याआजी, मी नुसताच लेखनिक. पण प्लीज या. शेखर.)

*

कळवण,
१८ जानेवारी १९९७

चि. शुभांगीस अनेक आशीर्वाद.

कुसाबाईंचं पत्र आलं. शुद्धलेखनाच्या दृष्टीने भयंकर आहे. मी एकही खूण केली नाही.

काल जेवणं झाल्यावर कुंदनला आणि वत्सलाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.  वर्गात तपासणीसाहेब आल्यावरसुद्धा मी कधी इतकी घाबरले नव्हते.  कुंदन म्हणाला, "आई, म्हणजे माझ्या आजोबांचा आवाज या घरात कोणी ऐकलाच नाही?" बस, एवढंच म्हणाला आणि उठून गेला. मला वाटलं, चिडला. सकाळी बघते तर अंगणात ट्रंका काढून अण्णांचा जुना एकुलता एक फोटो शोधत होता. वत्सलाने मला न मागता गुळाचा चहा दिला. त्यावरून काय ते समज.

येते. माईक जरा खाली लावून ठेवायला सांग, माझी उंची आता पूर्वीइतकी राहिली नाही. फांदी मीच आणीन. नाथाला म्हणावं, बराकीच्या कडेची जुनी झाडं अजून उभी आहेत का ते बघून ठेव, आणि फौजेची परवानगी काढ, नाहीतर लग्नाच्या दिवशी मला हवालदार धरून नेईल.

तुझी,
आत्याआजी

*

उटी,
२४ ऑक्टोबर २००४

ती. आत्याआजीस नमस्कार.

पत्ता बघून चष्मा पुसलास ना? आम्ही खरंच आलोय. मी, शेखर, वैष्णवी आणि बाबा. सात वर्षं नुसतं 'जाऊ या, जाऊ या' चाललं होतं. शेवटी वैष्णवी पाच वर्षांची झाली आणि बाबा एकोणसाठ, तेव्हा शेखर म्हणाला की आता दोघांनाही एकाच वेळी सांभाळता येईल.

थंडी भयंकर आहे. डोंगर खरंच निळे दिसतात, सकाळी तर अगदी आईच्या पैठणीच्या काठासारखे. आणि गंमत ऐक. इथे त्या झाडाला कोणी नीलगिरी म्हणतच नाही. गाडीच्या ड्रायव्हरला मी झाड दाखवून विचारलं तर तो 'तैलमरम' म्हणाला. म्हणजे तेलाचं झाड. त्यालाच मग सांगितलं की आमच्याकडे हे लग्नात पूजतात, तर बिचारा उतरेपर्यंत आरशातून आमच्याकडे बघत होता.

आपलं गाव कुठलं, ते कळलं नाही. कळणार कसं? बाबांनी तरीसुद्धा दोन देवळांत आणि एका पोस्टात 'पोन्नुसामी' म्हणून विचारलं. पोस्टातला माणूस हसला. म्हणाला, इथे खिडकीतून दगड मारला तर पोन्नुसामीला लागेल. बाबांचा चेहरा पडला. आपण एवढ्या लांबून आलो आणि हाताला काही लागलं नाही असं त्यांना वाटत होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

आज सकाळी बाजारात गेलो. फुलांच्या ओळीत एक म्हातारी बसली होती, तुझ्यापेक्षा थोडी लहान. समोर शेवंतीच्या रोपांच्या पेंढ्या. ती गिऱ्हाइकाला रोपं मोजून देत होती आणि मोजता मोजता म्हणाली, "ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु, अंजु..."

बाबा जागच्या जागी थांबले. आत्याआजी, तीच चाल! मून्नूवर जरा लांबवायचं आणि अंजूला खाली सोडायचं, तसंच. मी बाबांचा हात धरला. आता ती पुन्हा एकपासून सुरू करेल असं मला वाटलं. बाबांनाही तेच वाटलं असणार. पण ती थांबली नाही. "आरु, एळु, एट्टु, ओंबदु, पत्तु," म्हणाली आणि पेंढी बांधून दिली.

बाबा एकोणसाठाव्या वर्षी पाचाच्या पुढचं ऐकत होते. लहान मुलासारखे रडले भर बाजारात. म्हातारी घाबरली. मग तिने त्यांना तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. बाबांना अर्थात काही कळलं नाही. डोळे पुसत ते छाती काढून म्हणाले, "देवळाली कॅम्प!"

ड्रायव्हर पोट धरून हसायला लागला. ती विचारत होती, रोपं किती देऊ?

अण्णांना देवक विचारलं तर त्यांनी गाव सांगितलं. बाबांना रोपं विचारली तर त्यांनीही गाव सांगितलं. घराणं तेच, यात आता काही शंका उरली का?

दहा रोपं घेतली. ओल्या फडक्यात गुंडाळून आणतोय. कुसाआजींनी एक वाफा मोकळा ठेवायला सांगितलाच आहे. आमच्या लग्नात तू माईकवर 'माझे वडील पोन्नुसामी' म्हणालीस तेव्हा माईक शिट्टी मारत होता, आणि कुसाआजी त्या माईकवाल्याला ओरडल्या होत्या की "गप रे, बापाचं नाव घेत्यात त्या!" मला ते आज दिवसभर आठवतंय.

वैष्णवीला दहापर्यंत पाठ झालं. वेगळ्या कागदावर तुझ्यासाठी लिहून पाठवतेय. शुद्धलेखनाची खात्री देत नाही.

तुझी,
शुभांगी

*

(पोस्टकार्ड)

कळवण,
३ नोव्हेंबर २००४

चि. शुभांगीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. कार्डावर जागा कमी, म्हणून थोडक्यात.

वैष्णवीचा कागद अण्णांच्या फोटोखाली लावला आहे. चार दिवस रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हणते. वत्सला म्हणते, ब्याऐंशीव्या वर्षी हे काय? मी म्हटलं, शाळेत उशिरा नाव घातलं.

आज पहिल्यांदा न बघता लिहिते आहे.

ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु, अंजु, आरु, एळु, एट्टु, ओंबदु, पत्तु.

चूक असेल तर लाल शाईने दुरुस्त करून पाठव.

गोजरा पोन्नुसामी